बोंडअळीची पुस्तिका : संपादनाच्या नोंदी

९ एप्रिल

सरांचं हस्तलिखित हातात आलं. दोनशे पानी वही, निळी शाई, मधूनमधून पेन्सिलीनं काढलेली बोंडं आणि पतंग. सर निवृत्त कृषी सहायक आहेत आणि त्यांच्या नोकरीचा बराच काळ राळेगाव तालुक्यातच गेला. विषय एकच, कपाशीवरची गुलाबी बोंडअळी. छपाईचा खर्च गावातला शेतकरी गट करणार. पेरणीनंतर साधारण ४५ दिवसांनी कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या गंधासारख्या वासानं बोंडअळीचे नर पतंग ओढून पकडणारे सापळे, लावायचे असतात. जूनच्या मध्याला पेरणी धरली तर जुलै संपायच्या आत पुस्तिका घराघरात पोचायला हवी. उशिरा आली तर ती यंदासाठी कामाची नाही.

पहिलं वाचन पेन बाजूला ठेवून केलं. नंतर मला जे समजलं ते पाच ओळींत लिहून सरांना पाठवलं आणि विचारलं, तुम्हाला हेच सांगायचं आहे ना? संध्याकाळी फोन आला. "ताई, हे बरोबरच आहे. पण खरं ते राह्यलं. अळी एकदा बोंडात शिरली का फवारा तिच्यापर्यंत पोचतच नाही. भोक बुजून जाते, वरून बोंड चांगलंच दिसते. शेतकरी फवारून राह्यला अन् अळी आत सरकी खाऊन राह्यली."

हे वाक्य वहीत आहे, पण शेवटाकडच्या एका लांब परिच्छेदाच्या पोटात. बाकी सगळं या एका गोष्टीवर उभं आहे. सापळे का, बोंडं फोडून का पाहायची, डोमकळ्या (अळी लागून न उमलता मिटून राहिलेली फुलं) तोडून का टाकायच्या, तर अळी आत जायच्या आधीच तिला गाठायचं म्हणून. तेच आता पुस्तिकेचं पहिलं वाक्य होईल.

१५ एप्रिल

सरांच्या घरी बैठक. कामाची वाटणी ठरवून टाकली आणि वहीच्या पहिल्या पानावर दोघांनी मिळून लिहिली. माहिती खरी की खोटी, हे सर ठरवतील. वाक्य कसं असावं, काय आधी काय नंतर, हे मी. औषधाचं प्रमाण, वजन, माप, दिवस यांत मी स्वतःहून काना-मात्राही हलवणार नाही, शंका आली तर समासात प्रश्न लिहीन. आणि वाचणाऱ्याच्या जिवाला धोका होईल असं काही दिसलं तर दोघांपैकी कोणाचंही मत अंतिम नाही, डब्यावरचं लेबल आणि कृषी विद्यापीठाची शिफारस अंतिम. कीटकशास्त्र शिकवलेल्या एक मॅडम शेवटची तपासणी करायला तयार झाल्या आहेत.

समासातल्या प्रश्नाला सरांनी उत्तर लिहायचं, नुसती बरोबरची खूण करायची नाही, हेही ठरलं. खूण केली की लेखकाला प्रश्न कळला की नुसता कंटाळा आला, ते संपादकाला समजत नाही.

इतिहासाचं प्रकरण बरंच कापावं लागलं. बीटी कपाशी, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार होईल असं वाण, २००२ साली आली, दोन जनुकांची २००६ साली, मग अळीत प्रतिकारशक्ती तयार झाली आणि २०१७ च्या खरिपात विदर्भात बोंडंच्या बोंडं किडली. हे सगळं सरांनी फार मन लावून लिहिलं होतं, म्हणून कात्री लावायच्या आधी त्यांच्याशी बोलले. पारावर शेतकरी एकच विचारतो, "बीटी हाय ना, मंग अळी आली कुठून?" त्या प्रश्नाचं उत्तर देण्यापुरता इतिहास ठेवला. सरांना वाईट वाटलं, ते त्यांनी लपवलंही नाही. कापलेली पानं मी फेकलेली नाहीत, वेगळ्या फाईलला लावून ठेवली आहेत.

२२ एप्रिल

आज एका वाक्यावर सकाळ गेली, आणि ती जायलाच हवी होती. मूळ वाक्य असं : "हिरव्या बोंडांमध्ये १० टक्के प्रादुर्भाव आढळून आल्यास आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली असे समजून रासायनिक नियंत्रणाचे उपाय योजण्यात यावेत."

माझे समासातले प्रश्न : १० टक्के कशाचे? किती बोंडं मोजायची? कुठली तोडायची? प्रादुर्भाव म्हणजे काय दिसायला हवं?

सरांची उत्तरं : शेतातून २० हिरवी बोंडं तोडायची. फोडायची. २ बोंडांत अळी निघाली तर १० टक्के झाले. अळी लहान असेल तर पांढुरकी असते, गुलाबीच शोधत बसू नये. बोंडं साधारण १५ ते २० दिवसांची घ्यावीत.

माझा पुढचा प्रश्न : बोंड किती दिवसांचं हे शेतात उभं राहून कसं ओळखायचं? सर थोडं थांबले. मग म्हणाले, "बोटानं दाबून पाहाचं. जरासं दबते ते घ्याचं. दगडासारखं लागलं तर ते झालं जून." हे वहीत नव्हतं. इतकी वर्षं शेतात फिरून जे हाताला कळलं, ते लिहायचं असतं हेच माणसाच्या लक्षात येत नाही. ते बाहेर काढायला कोणीतरी न कळणारं समोर बसावं लागतं.

मी "बांधाजवळून २० बोंडं तोडा" असं सुचवलं होतं, चालायला सोपं म्हणून. सरांनी ते ठामपणे खोडलं. फक्त धुऱ्याकडची बोंडं घेतली तर शेताच्या मध्यात काय चाललंय ते कळत नाही. तेव्हा "धुऱ्यावरून सुरुवात करून आडवंतिडवं चालत, वेगवेगळ्या झाडांवरून".

छापायचं वाक्य : "शेतात आडवंतिडवं चालत वेगवेगळ्या झाडांवरून २० हिरवी बोंडं तोडा. दाबल्यावर किंचित दबतील अशीच घ्या. सगळी फोडून पाहा. २ किंवा जास्त बोंडांत पांढरी किंवा गुलाबी अळी दिसली तर फवारणीची वेळ झाली."

२८ एप्रिल

"करण्यात यावी", "योजण्यात यावेत", "घेण्यात यावी" ही सगळी क्रियापदं बदलली. तोडा, फोडा, मोजा, गाळा. सर म्हणाले, सरकारी पत्रकात असंच लिहायची सवय लागली, शेतकऱ्याला हुकूम दिल्यासारखं वाटू नये म्हणून. त्यांचा मुद्दा समजतो, पण "यावी" मध्ये कोणी करायचं तेच दिसत नाही, आणि मजुराच्या हातात पंप देऊन मालक धुऱ्यावर उभा असेल तर ते दिसायला हवं.

एका शब्दाचा मात्र सरांनी हट्ट धरला आणि त्यांचं खरं होतं. सापळ्यांच्या सूचनेत "सलग तीन रात्री, प्रत्येक सापळ्यात ८ पतंग" असं आहे. मी विचारलं होतं, "सलग" काढून वाक्य हलकं करता येईल का? त्यांनी समासात लिहिलं, "नाही. एखाद्या रात्री वाऱ्यानं किंवा शेजारच्या शेतातून जास्त पतंग येतात. तीन रात्री एकापाठोपाठ आले तरच पतंगांची संख्या खरोखर वाढली असं धरायचं. सलग काढलं तर लोक आठवड्यातून कुठल्याही तीन रात्री मोजतील अन् विनाकारण फवारतील." तो शब्द आता ठळक अक्षरात छापायचा.

६ मे

औषध-प्रमाणाचा तक्ता. तक्त्याखाली सरांची एक ओळ : "वरील प्रमाण साध्या पंपासाठी आहे. पॉवर पंपासाठी औषधाची मात्रा तिप्पट करावी."

ही ओळ नवी नाही. अनेक पत्रकांत, दैनिकांच्या कृषी पानांवर ती वर्षानुवर्षं येते. मागचा हिशेबही बरोबर आहे. इंजिनाचा पंप बारीक धुकं उडवतो, एकराला पाणी फार कमी लागतं, म्हणून तितकंच औषध थोड्या पाण्यात मिसळावं लागतं. एकरी औषध तेवढंच राहतं.

पण गावात आज तीन तऱ्हेचे पंप आहेत. दांड्याचा हातपंप, चार्जिंगचा बॅटरी पंप आणि पेट्रोलचा इंजिन पंप. बॅटरी पंप सगळ्यांत जास्त. तो पाणी हातपंपाइतकंच टाकतो, फक्त दांडा मारावा लागत नाही. तक्त्याखालच्या ओळीत त्याला जागाच नाही. गटातल्या एका तरुण शेतकऱ्याला ती ओळ वाचायला दिली आणि विचारलं, तुमच्या पंपात किती टाकाल? त्यांनी लगेच तीनपट आकडा सांगितला. पंप बॅटरीचा. म्हणजे एकरी तीनपट विष, त्यांच्या पिकावर आणि त्यांच्याच पाठीवर.

सरांना तेव्हाच फोन केला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी हे शिकलो तेव्हा दोनच पंप होते. ओळ काढा. नुसती काढू नका, तिच्या जागी काय लिहाचं ते सांगतो."

९ मे

सरांचा व्हॉट्सअ‍ॅपवर लांबलचक ध्वनिसंदेश. तो उतरवून घेतला, पुन्हा विचारलं, पुन्हा लिहिलं. पद्धत अशी.

औषध पंपाला नाही, एकराला मोजायचं. एकराला किती हे डब्यावरच्या लेबलवर पाहायचं. लेबलवर हेक्टरचा आकडा असेल तर अडीचनं भागायचं. मग आपला पंप आणि आपली चाल एकराला किती पाणी टाकते ते एकदा मोजून घ्यायचं. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद जागा आखायची, म्हणजे एक गुंठा. पंपात मोजून साधं पाणी भरायचं, रोजच्या चालीनं त्या गुंठ्यावर फवारायचं, उरलेलं पाणी मोजायचं. जितकं खर्च झालं त्याला ४० नं गुणलं की एकराचं पाणी मिळालं.

उदाहरणही सरांनीच दिलं. गुंठ्याला ५ लीटर लागलं तर एकराला २०० लीटर. पंप १५ लीटरचा असेल तर एकराला तेरा पंप आणि वर थोडं. लेबलवर एकरी २०० मिली लिहिलं असेल तर लीटरला १ मिली, म्हणजे पंपाला १५ मिली. माझी भर एवढीच, की हे उदाहरण कुठल्याही औषधाचं नाव न घेता द्यायचं, नाहीतर आकडा त्या औषधाला चिकटतो आणि लोक तोच सगळ्यांना लावतात. पीक गुडघ्याएवढं असताना आणि छातीएवढं झाल्यावर पाणी सारखं लागत नाही, तेव्हा मोजणी पुन्हा करायची, हे सरांनी जोडलं.

मात्रा तिप्पट करण्याची ओळ गेली. त्या जागी : "इंजिन पंप वापरत असाल तर प्रमाण अंदाजानं वाढवू नका. लेबल पाहा, नाहीतर सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) विचारा."

१७ मे

सुरक्षिततेचं प्रकरण कुठे घालायचं यावर खूप बोलणं झालं. तांत्रिक पुस्तिकेत ते परिशिष्टात येतं, सरांनीही तिथेच ठेवलं होतं. मला ते फवारणीच्या प्रकरणाच्या आधी हवं होतं, आणि त्यातल्या काही सूचना तर त्या त्या पायरीच्या आतच. "नोझल तोंडानं फुंकू नका" हे वाक्य परिशिष्टात वाचून काय करायचं? नोझल तुंबतं ते शेताच्या मधोमध, तेव्हा ते वाक्य नोझलच्या पायरीला लागूनच असलं पाहिजे.

सर २०१७ च्या त्या खरिपाबद्दल बोलले. यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. पीक डोक्याएवढं वाढलेलं, हवा दमट, औषधांची मिश्रणं आणि अंगावर नुसता सदरा. त्या वेळी सर रुग्णालयात गेले होते. नातेवाइकांना डॉक्टर विचारत, कुठलं औषध होतं, आणि कोणालाच सांगता येत नव्हतं. त्यावरून प्रकरणाचं पहिलंच वाक्य ठरलं : "फवारताना कोणाला गरगरलं, उलटी झाली, घाम सुटला, दिसायला अंधूक झालं तर काम थांबवा, कपडे बदला, अंग साबणानं धुवा आणि दवाखान्यात जाताना औषधाचा डबा सोबत न्या." डबा का न्यायचा, हेही पुढच्याच वाक्यात. कारण सांगितलं की सूचना पाळली जाते, असा सरांचा अनुभव.

२५ मे

निंबोळी अर्काच्या कृतीची चाचणी, गटातल्या एका मावशींच्या अंगणात. "समजलं का?" असं विचारायचं नाही, कागद द्यायचा आणि गप्प बसायचं, एवढं सरांकडून आधीच कबूल करून घेतलं होतं. त्यांना ते फार जड गेलं.

कागदावरची कृती : ५ किलो निंबोळ्या बारीक कुटा, ९ लीटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी गाळा, १ लीटर पाण्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून त्यात घाला, एकूण १०० लीटर होईल इतकं पाणी टाका.

गेल्या पावसाळ्यात वेचून वाळवलेल्या निंबोळ्या मावशींनी पोत्यातून काढल्या आणि पहिल्याच ओळीला थांबल्या. "टरफलासकट कुटाचं का काढून?" कागदावर उत्तर नव्हतं. सर पुढे झुकले, मी हात आडवा केला. मावशींनी स्वतःच्या मनानं टरफल पाखडून टाकलं, आणि सरांना तेच हवं होतं. पण दुसऱ्या घरी तसं होईलच असं नाही, तेव्हा ते लिहायचं.

कुटून झाल्यावर "९ लीटर" साठी त्यांनी घरातली प्लास्टिकची बादली आणली. तिच्यावर खुणा नव्हत्या. एक लीटरची पाण्याची बाटली आणून नऊ वेळा भरून ओतली. ही युक्ती जशीच्या तशी कृतीत घेतली. साबणाला अडचण आली. २०० ग्रॅम मोजायला काटा नाही. मावशींनी साबणाच्या वडीचं वेष्टन उलटं करून त्यावर छापलेलं वजन वाचलं आणि त्या हिशेबानं वडी सुरीनं कापली. सर माझ्याकडे बघून हसले, खूप आनंदानं. तेही घेतलं.

सकाळी गाळताना आणखी एक. चहाच्या गाळणीनं गाळलं, आणि तो द्राव पंपात घातला असता तर नोझल नक्की तुंबलं असतं. "गाळा" च्या जागी "दुहेरी कापडातून, पिळून गाळा".

सगळ्यात मोठी गोष्ट शेवटी निघाली. १०० लीटर करायला भांडंच नाही. मावशींनी विचारलं, "मले तं दोनच पंप मारायचे हाय, बाकीचं काय करू?" सरांनी तिथेच मातीत काडीनं हिशेब मांडला. १५ लीटरच्या एका पंपाला ७५० ग्रॅम निंबोळी पावडर, ३० ग्रॅम साबण. दोन्ही मापं छापायची, एका पंपाचं वर, १०० लीटरचं खाली. अर्क त्याच दिवशी वापरायचा, हेही कृतीतच.

परतताना सर म्हणाले, मी हे शेकडो लोकांना तोंडी सांगितलं, सगळे मान हलवायचे.

३ जून

मॅडमची तपासणी आली. सहा-सात शेरे, सगळे मुद्द्याचे. एक महत्त्वाचा : सापळ्यातली गंधगोळी "दर २० दिवसांनी बदला" असं आपण लिहिलं होतं, पण वेगवेगळ्या उत्पादकांच्या गोळ्या वेगवेगळे दिवस टिकतात. तेव्हा "पाकिटावर लिहिलेल्या दिवसांनी बदला, गोळी लावल्याची तारीख सापळ्याच्या काडीवर लिहून ठेवा". तारखेची सूचना सरांची.

पाळतीसाठी एकरी २ सापळे आणि पतंग पकडून संपवण्यासाठी एकरी ८, हे दोन आकडे एकाच परिच्छेदात होते. मॅडमनी विचारलं, वाचणाऱ्यानं कुठला धरायचा? दोन वेगळी उपशीर्षकं केली.

एका शेऱ्यावर सर आणि मॅडम यांचं एकमत होईना. मी मध्ये पडले नाही, पडायचं नसतंच. दोघांना फोनवर जोडून दिलं आणि जे ठरलं ते लिहून दोघांना परत वाचून दाखवलं.

१२ जून

फाईलचा गोंधळ. सर मोबाईलवर दुरुस्त्या करतात, त्यांच्या गावात नेटवर्क येतं-जातं, आणि जुन्या प्रतीवर नवे शेरे पडतात. नियम केला, फाईल एका वेळी एकाच्याच ताब्यात. ज्याच्याकडे असेल त्यानं व्हॉट्सअ‍ॅप गटावर "माझ्याकडे आहे" लिहायचं, सोडली की "सोडली". नावात तारीख घालायची, "फायनल" शब्द घालायचा नाही.

२१ जून

छापखान्यातून नमुना प्रत आली. अक्षर मोठं, घडी बरोबर. पण कीटकनाशकाच्या डब्यावरच्या त्रिकोणांचं पान बघून थांबले. लाल अत्यंत विषारी, पिवळा त्याखालोखाल, मग निळा, मग हिरवा. पान रंगीत छापलं आहे, छान दिसतं. पण पुस्तिका संपल्या की लोक झेरॉक्स काढणार, आणि झेरॉक्समध्ये चारही त्रिकोण करडे. लाल आणि हिरवा एकसारखे दिसले तर ते पान नसलेलं बरं. प्रत्येक त्रिकोणात रंगाचं नाव लिहायला सांगितलं आणि लाल त्रिकोणाला जाड काळी किनार. मग काळ्यापांढऱ्या प्रतीची झेरॉक्स, तिची पुन्हा झेरॉक्स काढून पाहिली. वाचता येतं.

बोंडाची चित्रं सरांचीच ठेवली. छापखान्यानं इंटरनेटवरचे फोटो सुचवले होते. पण सरांच्या चित्रात डोमकळी कशी दिसते, पाकळ्या गुंडाळून गुलाबाच्या कळीसारखी कशी मिटते, ते एका नजरेत कळतं, कारण नको ते त्यांनी काढलेलंच नाही.

३० जून

छपाईला परवानगी दिली. मुखपृष्ठावर लेखक म्हणून सरांचं नाव. माझं आत, संपादन म्हणून, आणि मॅडमचं तपासणी म्हणून. चाचणीला बसलेल्या मावशींचं नाव घालावं असं सरांचं म्हणणं, त्यांना विचारून घालणार.

शेवटचं पान कोरं ठेवलं आहे, वर फक्त "कुठे अडलं?" आणि गटाचा फोन क्रमांक. वेचणी संपली की त्यावर काय आलं ते बघून पुढच्या आवृत्तीचं काम. फरदडीच्या, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी शेतात राखून आणखी वेचणी घेण्याच्या, प्रकरणावर सरांचे आणि माझे तीन प्रश्न अजून मोकळे आहेत. डिसेंबर-जानेवारीत पऱ्हाटी (कपाशीची झाडं) उपटायला सांगतो, पण ज्याच्याकडे ओलिताची सोय आहे आणि भाव चढता आहे त्याला ते कसं पटवायचं, हा त्यातला पहिला. सर त्यावर नवं लिहून देणार आहेत, पोळ्याच्या आधी.